सां रोकचं बुडणारं पाऊल

सां रोकच्या सणाच्या, फेस्ताच्या सकाळी उंबरपाखाडीच्या चॅपेलसमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. जयगडच्या बंदरावर कामाला असलेले होते, मुंबईहून रजा काढून आलेले होते, खाडीपलीकडच्या हिंदू वाड्यांतल्या बायाही होत्या. सां रोक सगळ्यांचाच. मांडीवर जखम आणि पायाशी कुत्रा असलेला हा सांत पायाचं दुखणं बरं करतो म्हणतात, म्हणून लोक त्याला मेणाची पावलं वाहतात. यंदा मात्र सांताकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. सगळ्या माना मांडवातल्या काचेच्या पेटीकडे वळल्या होत्या. मासे पाळायची पेटी ती, पण आत निळे दिवे सोडल्यावर तिलाही पावित्र्य आलं होतं.

पेटीमागे ब्रदर एल्विन उभा होता. ना पाद्री, ना डॉक्टर. झगा मात्र दोघांनाही लाजवील इतका पांढरा. त्याला आणलं होतं फेस्ताच्या यंदाच्या प्रेसिदेंतने, म्हणजे समितीच्या अध्यक्षाने. गेल्या वर्षीच्या प्रेसिदेंतने गोव्याचा बँड आणला होता. याला त्याच्यावर ताण करायची होती, म्हणून याने चमत्कार आणला. फादर गावात नवे, त्यांना हे पटलं नव्हतं. पण समितीशी वाकडं कशाला, म्हणून ते गप्प बसले होते.

"मेण बुडतं का, भावांनो?" ब्रदरने विचारलं.

"नाही," गर्दी म्हणाली.

"का नाही बुडत? त्यात दुःख नसतं म्हणून. दुःख जड असतं. सांत तुमचं दुखणं ओढून मेणात भरतो, मग तेच मेण दगडासारखं तळाला जातं."

फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, नोव्हेनाच्या पहिल्या दिवशी त्याने प्रत्येकाच्या दुखऱ्या जागेवर मेणाचं पाऊल टेकवून पाण्यात सोडलं होतं. सगळी तरंगली. "तुमचा विश्वास अजून सुईवर आणि गोळ्यांवर आहे," तो म्हणाला होता. "नऊ दिवस औषध बंद करा आणि हे तेल लावा. फेस्ताला पुन्हा या." आणि आज पावलं खरंच बुडत होती. ज्याचं पाऊल बुडे तो डोळे पुसत घरी जाई. तो बरा झाला की नाही हे बघायला ब्रदर थांबणार नव्हता. त्याची गाडी दुपारचीच ठरलेली होती.

मांडवाच्या कडेला पियेदाद डिमेलो, म्हणजे गावाची पिदूबाय, आपल्या टपरीत मेणाची पावलं विकत बसली होती. चाळीस वर्षं ती सासऱ्याच्या साच्यात पावलं ओतत आली होती. तुटलेली बोटं जोडायला शेजारी स्टोव्हवर मेणाची कढई ठेवलेली असे. दिवाळीआधी ब्रदरने तिच्याकडून खोकंभर पावलं नेली, तेव्हा ती खूश झाली होती.

तेवढ्यात शेजारीण मालन नवऱ्याच्या, महिपतच्या खांद्याचा आधार घेत टपरीसमोरून लंगडत गेली. पायाला फडकं गुंडाळलेलं होतं. त्याचा वास पिदूबायपर्यंत आला. मालनला साखरेचा आजार. तिच्या घरी फ्रिज नाही, म्हणून तिचं इन्सुलिन पिदूबायच्या फ्रिजमध्ये असायचं आणि सुई टोचायला ती रोज दोनदा यायची. नऊ दिवस ती आलीच नव्हती. फेस्ताच्या घाईत पिदूबायच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. त्याची तिला आता लाज वाटली.

ती उठून मालनच्या मागोमाग पेटीशी गेली. ब्रदरने मालनच्या पायावर मेणाचं पाऊल टेकवलं, वर पांढरा कपडा घातला, डोळे मिटून काहीबाही पुटपुटला आणि कपड्याखालून पाऊल काढून पाण्यात सोडलं. ते सरळ तळाला गेलं.

"व्हिवा सां रोक," गर्दी म्हणाली. महिपतने हात जोडले. मालन रडायला लागली.

पिदूबायला मात्र त्या पावलाच्या अंगठ्यावरची खोक दिसली. तिच्याच साच्याची खोक होती ती. तिने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि पाऊल बाहेर काढलं. हातात घेताक्षणी वजन कळलं.

"बाई, त्याला हात लावू नका," ब्रदर म्हणाला. "त्यात तिचं दुखणं आहे."

"दुखणं हाय तं बगू या कसलं ता," असं म्हणून ती टपरीकडे गेली आणि पाऊल कढईत टाकलं.

बोटं वितळली, टाच वितळली. मग कढईच्या बुडाशी खडखड झाली. महिपत वाकून बघायला लागला. तो जन्मभर खाडीत जाळी टाकणारा माणूस.

"ही तं शिशं," तो हळूच म्हणाला. "जाळ्याला बांदतो ती."

कोणीतरी मांडवातला पांढरा कपडा उचलला. खाली मालनच्या पायावर टेकवलेलं मूळ पाऊल पडलं होतं, हलकं आणि कोरडं.

ब्रदरचा आवाज चढला. "तुम्हीही मेणाचे पायच विकता ना? तुमच्याने कोण बरं झालं?"

"कोण नाय," पिदूबाय म्हणाली. "माजं पाऊल सांताला आबार सांगतं. कुणाला सुई बंद कर म्हणून सांगत नाय."

आता फादरना कंठ फुटला. त्यांनी समितीची जीप मागवली आणि मालनला रत्नागिरीच्या इस्पितळात पाठवलं. गर्दी जीपसाठी वाट करण्यात गुंतली, तेवढ्यात ब्रदरने पेटी तिथेच टाकून पोबारा केला. प्रेसिदेंत पोलिसांना फोन लावत बसला, पण मान वर करून कोणाकडे बघेना.

मालनचा पाय वाचला, दोन बोटं गेली.

पुढच्या वर्षीच्या फेस्ताला पिदूबायने टपरीपुढे पाण्याचं घमेलं ठेवलं. पाऊल विकत घेणाऱ्याने ते आधी पाण्यात सोडायचं. तरंगलं की ती विचारायची, "मेण मेणासारकं वागलं. आता तू सांग, गोळी घेतलीस काय?"

मालन आली. तिने पाऊल घेतलं आणि टपरीवरच्या सुरीने त्याची दोन बोटं कापून टाकली.

"अगो, ता काय करतेस?" पिदूबायने विचारलं.

"सांताला खोटं कशाला देऊ? हायत तेवडीच देत्ये." मग ती रांगेतल्या बायांकडे वळली. "माजी बोटं सांताने नाय नेली. नऊ दिवस मी डोकं गहाण टाकलं, त्यात गेली. तुमी कुनी टाकू नका."

तिने तीन बोटांचं पाऊल घमेल्यात सोडलं. ते तरंगलं.