वीतभर कललेले खांब

जयगडच्या खाडीत हुसेनमियाँच्या आजोबांनी उभी केलेली डोलकाठी वादळाला लांबून दिसली, तर वादळ तिला वळसा घालून रत्नागिरीकडे निघून जायचं. आजोबांच्या हाताखाली बाप शिकला, बापाच्या हाताखाली मियाँ. ओळंबा त्या घरात कुणी कधी वापरला नाही. "दोरीला लटकलेल्या शिशालाच विचारायचं, तर अल्लाने डोळे कशाला दिले?" असं मियाँ म्हणत. आणि हे सगळं खुद्द मियाँच सांगत असल्यामुळे त्यात खोटं असण्याचा प्रश्नच नव्हता.

पुढे शिडाची गलबतं संपली. मियाँ जेद्दाला आले आणि बावीस वर्षं क्रेनच्या आकड्याला लोखंड बांधत राहिले. स्टेडियमात रग्बीचे खांब उभे करायचं काम कंपनीला मिळालं, तेव्हा सुपरवायझर विश्वनाथने समुद्राकडची जोडी मियाँना दिली.

ही रग्बी तेरा-तेरा गड्यांची. इंग्लंडच्या लीगमधला पहिला क्लब विरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या लीगमधला पहिला क्लब. या दोन लीगचं नातं सवतींचं. जगातला खरा अजिंक्य आमच्याच घरचा, असं दोघीही वर्षानुवर्षं सांगत आलेल्या. शेवटी तिसऱ्याच्या अंगणात निकाल लावायचं ठरलं. इंग्लंडवाले काळ्या जर्सीत, ऑस्ट्रेलियावाले हिरव्या. कामगारांच्या कॅम्पातल्या लोकांनी त्यांची नावंच काळे आणि हिरवे ठेवून टाकली.

मियाँना दोघांशीही सोयरसुतक नव्हतं. शुक्रवारी जयगडला त्यांच्या धाकटीचा, तबस्सुमचा निकाह होता. विमान गुरुवारी सकाळी. पण एक्झिट-रीएंट्री व्हिसा मिळाल्याशिवाय देश सोडता येत नाही, आणि इंजिनिअर मुआजने मोबाइलवर 'हो' दाबल्याशिवाय ऑफिस तो काढत नव्हतं.

"बुधवारी मॅच," मुआज आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला होता. "शिकायत नहीं, तो तुम घर. शिकायत आया, तो तहकीक, इन्क्वायरी. तहकीक खलास होने तक कोई नहीं जाता."

बुधवारी दुपारी साडेतीनला भिकू पेंटर मियाँच्या कानाशी लागला. भिकू गुहागरचा. खांबांना गुंडाळलेल्या गाद्यांची शिवण सरळ आहे का, हे बघायला तो सुतळीला एक नट बांधून खांबावर चढला होता.

"मियाँ, एक विचारू? रागावू नका."

"बोल मेल्या."

"वरून नट सोडला, तर खाली खांबापासून वीतभर लांब लोंबतोय. मैदानाच्या बाजूला. दोन्हीकडे तसंच."

कारण त्यांना लगेच कळलं. सोमवारी खांब यंत्राने मोजून उभे झाले, तपासणीही झाली. मंगळवारी मियाँनी ते एकदा डोळ्यांनी पाहिले, आणि दोन्ही खांब त्यांना मागे रेलल्यासारखे वाटले. म्हणून कुणाला न सांगता त्यांनी मागचे नट सैल करून बेसप्लेटखाली पॅकिंगची एकेक पट्टी सारली आणि खांब 'सरळ' केले. आता कोकणातली डोलकाठी नाळेकडे, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकाकडे, झुकलेलीच असते. तीन पिढ्या जी नजर झुकलेल्या काठीलाच सरळ म्हणत आली, ती जेद्दात येऊन बदलणार थोडीच.

"विश्वनाथला सांगू या?" भिकूने विचारलं.

"सांगितलं की मॅच थांबली. मॅच थांबली की तक्रार."

"आणि नाही सांगितलं तर?"

मियाँनी मान उचलली. वर स्टँडमध्ये लोक भरत होते.

चारला खेळ सुरू झाला. लांबट चेंडू काखेत मारून गडी धावायचा, समोरचे तिघे त्याला आडवा करायचे. सहा वेळा आडवं झालं की चेंडू दुसऱ्याचा. एकेकाची टक्कर अशी, की म्हणे तिकडे बंदरातले कंटेनर हलले. पण मियाँची नजर आपल्या खांबांवरून हलेना. पहिल्या डावात त्या टोकाला खांबांवर एकही किक आली नाही. मियाँनी तेवढ्यात तीन नवस बोलून घेतले.

मध्यंतर पंधरा मिनिटांचं. "गाद्या घट्ट करतो," असं सांगून दोघे पान्हा घेऊन धावले. भिकूने गादी पडद्यासारखी धरली. मियाँनी डाव्या खांबाचे मागचे नट सैल केले, हातोडीने पट्टी काढून भिकूकडे दिली, नट पुन्हा आवळले. पस्तीस फुटांचा खांब कुरकुरत मागे आला. मग ते उजव्या खांबाशी बसले. नट हलेना.

"रंग कुणी लावला रे नटांवर?"

"मीच. दोन हात," भिकू म्हणाला.

"एक हात पुरला नसता?"

"तुम्हीच म्हणालात, समुद्राची हवा आहे, कंजूषपणा करू नको."

नट एकदाचा चिरकला, आणि तेवढ्यात पंचाची शिट्टी झाली. खेळाडू बाहेर येत होते. मियाँनी नट आहे तसा परत आवळला. आता जोडीतला एक खांब सरळ होता आणि एक जयगडचा.

दुसऱ्या डावात हिरवे समुद्राकडे चाल करून येऊ लागले. काळे अठरा, हिरवे बारा. शेवटचं मिनिट उरलं असताना एका हिरव्याने तिघांना अंगावर घेऊन कोपऱ्यात चेंडू टेकवला. चार गुण; सोळा झाले. आता किक. आडव्या दांड्याच्या वरून, दोन खांबांच्या मधून गेली, तर आणखी दोन आणि बरोबरी.

हिरव्यांच्या लाल दाढीवाल्या किकरने चेंडू नीट उभा केला. मियाँना तबस्सुमच्या मेंदीचा फोटो आठवला, सकाळीच व्हॉट्सअॅपवर आलेला.

चेंडू उठला, वळला, आणि उजव्या खांबाच्या टोकावर टण्णकन आपटून मैदानात परत आला.

काळे नाचू लागले. दाढीवाला जागच्या जागी बसला. हिरव्यांचा कोच मात्र थेट खांबाखाली आला, त्याने एक डोळा मिटून वर पाहिलं आणि पंचांना बोलावलं. त्याच्या बोटावरून काय ते मियाँना समजलं. दहा मिनिटांत मुआज आला, विश्वनाथ यंत्र घेऊन आला.

डावा खांब आधी मोजला. बिनचूक. कोच मान हलवून उजव्याकडे बोट दाखवत राहिला. विश्वनाथने यंत्र उचललं, आणि मगरिबची, दिवेलागणीची अजान झाली.

"नमाज के बाद," मुआज म्हणाला. कोच खांदे उडवून ड्रेसिंगरूमकडे गेला.

मैदानाच्या कडेला चटया पसरल्या. मियाँ मुआजच्या शेजारी उभे राहिले. उभं राहता राहता त्यांनी एकदाच मागे पाहिलं. खांबापाशी भिकू आणि विश्वनाथ, दोघेच. भिकूच्या हातात पान्हा होता आणि विश्वनाथ त्या पान्ह्याकडे बघत होता.

"भिकू," विश्वनाथचा आवाज ऐकू आला, "यंत्राची बॅटरी उतरलेली दिसते. बदलून आणतो. दहा मिनिटं लागतील. गाद्यांकडे लक्ष ठेव."

नमाजात अल्लाकडे काय मागायचं, हे मियाँना उमगेना. वाकडं सरळ कर म्हणावं, तर ते वाकडं स्वतःच केलेलं. सजद्यात कपाळ टेकलं असताना मागून हातोडीचा एक ठोका आला. शेजारी मुआजची पाठ हलली नाही. दुसरा ठोका आला, मग काहीच नाही.

नमाजाचा शेवटचा सलाम फिरवून सगळे परतले. विश्वनाथने यंत्र लावलं आणि बराच वेळ डोळा लावून बसला, जरुरीपेक्षा जास्तच.

"ओळंब्यात आहे," तो म्हणाला. मुआजने स्वतः डोळा लावला, मग कोचला लावायला दिला. कोच काहीतरी पुटपुटत निघून गेला.

मुआजने मोबाइल काढून अंगठा दाबला. "खलास. मबरूक, बेटी की शादी."

मियाँना हसता येईना. दाढीवाला किकर अजून गवतावरच बसलेला होता. मियाँ पाण्याची बाटली घेऊन त्याच्यापाशी गेले. "तेरा बॉल सीधा था, बेटा," ते म्हणाले. त्याला हिंदी कुठली कळायला. त्याने बाटली घेतली आणि मान डोलावली.

परत आले तेव्हा भिकू दोन्ही पट्ट्या खिशात घालून उभा होता, पँट एका बाजूने खाली ओढलेली.

"खरं सांगू, भिकू?" मियाँ वर बघत म्हणाले. "अजूनही मागे पडल्यासारखेच दिसतात."

भिकूने नट बांधलेली सुतळी गुंडाळून त्यांच्या हातावर ठेवली.

"घेऊन जा, मियाँ. मांडवाचे खांब तुम्हीच लावणार ना?"

मियाँनी ती खिशात घातली. पासपोर्टाच्या खिशात.