जहाजात न चढलेला दगड

बंगळुरात, इंदिरानगरच्या एका कचेरीत दुसऱ्या मजल्यावर, संध्याच्या टेबलावर कागद दाबून बसलेला जो दगड दिसतो, तो मी. वजन एक किलो नऊशे ग्रॅम. रंग करडा, आणि अंगावर बोटभर लांबीच्या फिकट हिरव्या पट्ट्या. माझं मोल काय ते त्या पट्ट्यांत. त्यांत लिथियम असतं, तुमच्या फोनच्या आणि विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या बॅटरीत जातं ते. बाकीचा मी साधा दगड आहे, आणि हे सांगताना मला कमीपणा वाटत नाही.

जन्म आफ्रिकेतला. एका बुटक्या, काटेरी झुडपांच्या डोंगरात मी होतो. किती वर्षं, ते मोजणारं तिथं कुणी नव्हतं. मग पायथ्याच्या गावाने खाणीची सोसायटी काढली, पहारी आणि घण आले, आणि एका सकाळी मी उजेडात पडलो.

त्याच आठवड्यात बंगळुराहून दोन माणसं डोंगर बघायला आली. एक नागराज सर, खनिजांची खरेदी-विक्री करणाऱ्या कंपनीचे मालक. दुसरी त्यांची इंजिनियर संध्या, मूळची निपाणीची. सोसायटीच्या चेअरमन ग्रेसबाई त्यांना घेऊन फिरत होत्या. उंच, सावकाश बोलणाऱ्या. फिरता फिरता त्यांनी मला उचललं आणि संध्याच्या हातात दिलं.

"तुम्ही दगड टनावर घेणार," त्या म्हणाल्या. "आठ वर्षांत हा डोंगर संपेल. लॉऱ्या जातील, खड्डा राहील. इथंच काही करता येईल का, एवढं हिशेब करून सांगा. होत नसेल तर नाही म्हणा, पण हिशेब करा."

"करते," संध्या म्हणाली. मी तिच्या पिशवीत गेलो.

बंगळुरात तिने मला दुसऱ्याच दिवशी घरून कचेरीत न्यायचं ठरवलं. बनशंकरीच्या मेट्रो स्टेशनवर पिशवी यंत्रातून गेली आणि पहाऱ्यावरच्या बाईंनी ती बाजूला काढली. "एनु इदु?" हे काय म्हणून विचारलं. "कल्लु," संध्या म्हणाली. त्या बाईंनी मला बाहेर काढून, उलटासुलटा करून पाहिलं. खरोखर दगडच आहे म्हटल्यावर त्या संध्याकडे जरा काळजीने बघू लागल्या. मग जाऊ दिलं.

कचेरीत हिशेबाला मदतीला मल्हार होता. पुण्याहून आलेला, आकड्यांत पक्का. दोघं समोरासमोर बसत आणि मी मधे. माझ्याविषयी मला जे कळलं ते त्यांच्या बोलण्यातून.

"मॅडम, शंभर टन दगडात कामाचं सव्वा टन," मल्हार एकदा म्हणाला. "म्हणजे पावणेनव्व्याण्णव टन आपण नुसते फिरवतोय. आधी लॉरीतून बंदरापर्यंत, मग जहाजातून समुद्रापलीकडच्या रिफायनरीत."

"आणि ते तिथं जाऊन फेकूनच देणार," संध्या म्हणाली.

"भाव चढा आहे तोवर चालतंय. पण भाव निम्मा झाला, तर दगडाचे पैसे निम्मे होतात आणि भाडं तेवढंच राहतं. जहाजवाला दगडात काय आहे ते विचारत नाही, टन विचारतो."

त्या शुक्रवारी संध्याने मला घरी नेलं. घरी तिचे वडील असतात. गावात त्यांना बाळअण्णा म्हणतात, ती आप्पा म्हणते. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी निपाणीच्या आसपासच्या गुऱ्हाळांवर गुळव्याचं काम केलं. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे फेसाकडे बघून सांगणारा माणूस. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि हिरव्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

"ह्यात किती पडतंय?"

"शंभराला सव्वा."

"उसापेक्षा वाईट की गं. दहा किलो उसाला किलोभर गूळ तरी निघतंय." त्यांनी मला उलटा करून पाहिलं. "आणि तुम्ही ऊसच बोटीत घालून नेणार? चिपाडासकट?"

"तिथं कारखाना काढायला फार पैसा लागतो आप्पा. हजार डिग्रीची भट्टी, ॲसिड, अखंड वीज. एका डोंगरावर तो चालत नाही, असे दहा डोंगर लागतात."

"कारखाना कोण म्हणतंय? साखर कारखान्याला तालुका लागतोय. गुऱ्हाळाला एक मळा पुरतोय. गूळ करा आणि गूळ न्या. साखर करणारा करू दे की पुढं."

संध्या हातातला चहा तसाच ठेवून बसली. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. दगड दळायचा, पाण्यात फेस आणून हिरवा भाग वेगळा काढायचा, त्याला तिच्या धंद्यात वेगळं नाव आहे. सहा टन दगडाचा एक टन माल होतो. सहा जहाजांच्या जागी एक. पण आतापर्यंत तिने हिशेब दोनच मांडले होते, नुसता दगड किंवा अख्खी रिफायनरी. रविवारी ती तिसरा हिशेब मांडायला बसली.

तो जमला. अशी दगड दळायची गिरणी डोंगराशी टाकली तर चार वर्षांत तिचे पैसे फिटत होते. आणि नुसता दगड पाठवायचा, तर भाव एक तृतीयांश उतरताच प्रत्येक जहाज तोट्यात जात होतं.

नागराज सरांनी अहवाल उभ्याउभ्याच चाळला. माणूस वाईट नाही. माणसांचे पगार तारखेला देतो, आवाज चढवत नाही. पण त्यांनी पहिल्या जहाजाचा शब्द देऊन टाकला होता.

"गिरणीला दीड वर्ष लागेल," ते म्हणाले. "भाव आज आहे. संध्या, स्वल्प बदल कर. तोट्याचं ते वाक्य पहिल्या पानावर नको, बँकवाले पहिलं पानच वाचतात. मागे परिशिष्टात घाल. खोटं लिही म्हणत नाही मी."

संध्या बरं म्हणून मान हलवत म्हणाली, "सरी सर."

वाक्य एक्केचाळिसाव्या पानावर गेलं. अहवालाची छापील प्रत माझ्याच खाली होती. पंख्याच्या वाऱ्याने कोपरे हलायचे, पण एक्केचाळिसाव्या पानापर्यंत हात घालणारं कुणी आलं नाही.

जहाज भरलं. तीस हजार टन. माझ्या डोंगराची एक बाजू गेली. अशा सौद्यात भाव निघताना ठरत नाही, माल पोचल्यावर ठरतो. जहाज समुद्रात असताना भाव घसरायला लागला. मल्हार रोज सकाळी आकडा वाचायचा. आधी मोठ्याने वाचायचा, मग नुसता स्क्रीन संध्याकडे वळवायचा. माल पोचला तेव्हा भाव अर्ध्याच्याही खाली आला होता. त्यातून लॉऱ्यांचं आणि जहाजाचं भाडं वजा जाता हातात काही उरलं नाही. उलट खिशातले पैसे घालावे लागले. दुसरं जहाज रद्द झालं. डोंगरावरचं काम थांबलं, आणि तिथं तीनशे माणसं होती.

आठवड्याने ग्रेसबाईंशी व्हिडिओवर बोलणं ठरलं. टेबलाच्या एका बाजूला नागराज सर, दुसरीकडे संध्या आणि मल्हार. पडद्यावर ग्रेसबाई, मागे पत्र्याची भिंत.

"बाजार असा पडेल हे कुणालाच सांगता आलं नसतं," नागराज सरांनी सुरुवात केली.

"एक मिनिट सर," संध्या म्हणाली. तिचा हात माझ्यावर होता. "भाव पडेल हे माहीत नव्हतं. पण पडला तर काय होईल हे माहीत होतं. मी ते लिहिलं होतं, एक्केचाळिसाव्या पानावर. तिथं कुणी वाचत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून तिथं घातलं. ग्रेसबाई, इथंच काही करता येईल का या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही माझ्याकडे होतं. ते मी तुम्हाला कळवलं नाही."

नागराज सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

ग्रेसबाई रागावल्या असाव्यात, पण आवाज तसाच सावकाश होता. "मग आता कळवा," त्या म्हणाल्या.

संध्याने गिरणीचा हिशेब सांगितला. शेवटी म्हणाली, "माझे वडील म्हणतात, ऊस तोडला की वाळायला लागतो, म्हणून घाई असते. दगड वाळत नाही. गिरणी होईपर्यंत तो डोंगरात राहिला तर त्याचं काही बिघडत नाही."

"दगडाचं नाही बिघडत," ग्रेसबाई म्हणाल्या. "आमच्या मुलांच्या शाळेची फी थांबत नाही. तीनशेतली शंभर माणसं या आठवड्यात दुसऱ्या खाणीवर गेली. तीसुद्धा तुमच्या हिशेबात धरा."

संध्याने ते वहीत लिहून घेतलं.

बोलणं संपल्यावर नागराज सरांनी चष्मा परत लावला. "हे मला आधी सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"सांगितलं होतं सर."

"हो," ते म्हणाले. "दुसऱ्या जहाजासाठी ठेवलेले पैसे आहेत. गिरणी लहान काढली तर पुरतील?"

"निम्म्या क्षमतेची होईल."

"काढ मग. आणि सोसायटीला पैसे दगडाच्या टनावर नकोत. निघालेल्या मालावर वाटा देऊ."

असं ठरलं. सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. गेलेल्या शंभरांतले कितीजण परत येतील, कुणाला माहीत नाही. बांधकामावर साठ-सत्तर जणांना काम मिळालंय, बाकीचे वाट बघतायत. आणि माझ्यातल्या लिथियमची बॅटरीला लागणारी पांढरी पूड अजूनही समुद्रापलीकडेच होणार, मोठा नफा तिथंच राहणार. फक्त आता तिकडे ऊस जाणार नाही, गूळ जाईल.

राहिलं माझं. गिरणीला केवढी मोटार लागेल हे ठरवण्याआधी आमच्या डोंगराचा दगड फुटायला किती जोर लागतो ते बघावं लागतं. त्याला चुरा चालत नाही, अखंड दगड लागतात. संध्याने कचेरीच्या कपाटातले अकरा नमुने काढले, बारावा म्हणून मला घेतलं आणि सगळे घरी आणले. आप्पांनी विचारलं, "हा पण?" ती म्हणाली, "डोंगरात हा कुठं निघाला ती जागा मला नक्की माहीत आहे आप्पा. हा धरला तर आकडा खरा येईल." त्यांनी मला एकदा हातात तोललं आणि तिच्या पिशवीत ठेवलं.

उद्या दहा वाजता प्रयोगशाळेत माझी पाळी आहे. भीती वाटत नाही, डोंगरातून निघताना एकदा फुटलोच आहे.

जाण्याआधी एकच सांगणं आहे, संध्याला आणि तिच्यासारखे हिशेब करणाऱ्यांना. माझ्या एक किलो नऊशे ग्रॅममध्ये तुमच्या कामाचे चोवीस-पंचवीस ग्रॅम. आजवर माझ्यासारख्यांची दळून उरलेली रेती परक्या किनाऱ्यावर पडत होती. आता ती ग्रेसबाईंच्या गावात, ओढ्याच्या वरच्या अंगाला पडेल, आणि पाऊस ती पाण्यात उतरवेल. ती कुठं ठेवायची, हे त्यांनी परवा फोनवर विचारलं, आणि संध्या म्हणाली, "बघून सांगते." मोटार ठरेल, दगड वाहणारे पट्टे येतील, गिरणी फिरेल. ती फिरायच्या आधी एवढं बघा आणि त्यांना सांगा.