चपलेची फाइल

कॉलेजच्या मधल्या जिन्यावरचा स्लॅब एका सकाळी खाली आला. नशीब, जिन्यात तेव्हा कुणी नव्हतं. इमारतीला टाळं लागलं आणि फिजिक्सचे सर घरी बसले. त्यांची बायकोही बसली, कारण तीही तिथेच, तोच विषय शिकवायची. सर कायम नोकरीतले, 'अ' तुकडीचे. मॅडम तासांवर नेमलेल्या, 'ब' तुकडीच्या. त्यांना दर वर्षी नवं नेमणूकपत्र आणि दर वर्षी नवी धाकधूक.

नोट्सच्या फाइली मुलांना ऑनलाइन द्यायच्या असं ठरलं. घरात कॉम्प्युटर एकच, त्यावर खातं सरांचं. "तुझं वेगळं कशाला? माझ्यातच एक फोल्डर कर," सर मोठ्या मनाने म्हणाले. मन मोठं होतंच त्यांचं, फक्त दुसऱ्याच्या कौतुकाला तिथे जागा नसायची.

सरांनी जुन्या वह्यांची पानं स्कॅन करून चढवली. त्यातली बरीच आडवी आली. आता मुलं वाकवतील माना, त्यात काय एवढं, असं म्हणून सरांनी ती तशीच ठेवली. मॅडमनी मात्र घर्षणाच्या धड्यासाठी स्वयंपाकघरातच प्रयोग मांडला. इस्त्रीचा बोर्ड एका बाजूने पुस्तकांवर टेकवला, त्यावर सरांची जुनी चप्पल ठेवली. एकेक पुस्तक वाढवत चप्पल कधी घसरते त्याचे फोटो काढले आणि प्रत्येकाखाली दोन-चार सोप्या ओळी लिहिल्या.

"माझीच चप्पल सापडली का तुला?"

"अहो, तळ झिजलेली घरात तेवढी एकच आहे."

सर हसले, पण मनातून चरफडले. फोटो झकास होते. इतकी वर्षं घर्षण शिकवून आपल्याला जे सुचलं नाही ते हिला भांडी आवरता आवरता सुचलं, हे काही त्यांना गिळवेना.

मॅडमची एक गोष्ट मात्र राहून गेली. फाइल सगळ्यांसाठी खुली करायची असते, ती त्यांनी केलीच नाही. आपल्यापुढे उघडतेय म्हणजे सगळ्यांपुढे उघडत असणार, असं त्या धरून चालल्या. इकडे मुलं लिंक दाबून परवानगी मागत बसली, आणि खातं सरांचं असल्याने ती मागणी सरांच्या फोनवर येऊन पडू लागली.

पहिली आली तेव्हा सर परवानगी देणारच होते. पण खाली मुलीने लिहिलं होतं, "मॅडम, प्लीज ती चपलेची फाइल द्या ना. तुम्ही सांगता तेवढंच मला कळतं." सरांचं बोट थांबलं. मग मागण्या येतच राहिल्या. एक तर त्यांच्याच 'अ' तुकडीतल्या, पहिल्या बाकावर बसून मान डोलावणाऱ्या मुलाची होती. "मी तुमच्या तुकडीत नाही मॅडम, पण आमच्या सरांचं सगळं डोक्यावरून जातं. त्यांना सांगू नका हं."

सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. शेजाऱ्याचा हेवा वाटला तर माणूस दार लावून घेतो. जिच्याबरोबर रोज एका बशीतली बिस्किटं खायची तिचाच हेवा वाटला तर जायचं कुठे? सरांनी परवानगी दिली नाही आणि नाकारलीही नाही. फोन खिशात टाकला.

त्याच आठवड्यात मॅडमनी विचारलं, "अहो, मुलं म्हणतात फाइल परवानगी मागते. आपल्याकडे तर उघडतेय की."

"ते ऑफिसकडे जातं. बघतील ते. तू नको डोकं घालूस त्यात."

थाप इतकी सहज निघाली की सर स्वतःच चपापले. मॅडमनी विश्वास ठेवला. कॉम्प्युटरचं सगळं पहिल्यापासून सरच बघत आले होते.

पुढे गंमत अशी झाली की 'ब' तुकडीतली मुलं सरांच्या नोट्स उघडू लागली. सरांना आभाळ ठेंगणं झालं.

"बघितलंस? तुझी मुलंसुद्धा माझंच वाचतायत."

"वाचणारच," मॅडम म्हणाल्या आणि कपडे वाळत घालायला गेल्या.

मग विभागप्रमुखांचा फोन आला. सरांनी तो दोघांना ऐकू येईल असा ठेवला. इमारतीचं काम लांबणार होतं. दोन्ही तुकड्या ऑनलाइन एकत्र करायच्या, शिक्षक एकच पुरे. "सरांच्या नोट्स दोन्हीकडची मुलं वाचतायत. मॅडम, तुमच्या फाइलकडे कुणी फिरकलेलं दिसत नाही. वाईट वाटून घेऊ नका, पण पुढच्या सत्रात तुमची नेमणूक काही निघणार नाही."

मॅडम "बरं" म्हणाल्या.

सरांनी घाईने फोन बंद केला. तिचं कौतुक थोडं कमी व्हावं एवढंच त्यांना हवं होतं. तिची नोकरी जावी असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"मी बोलतो त्यांच्याशी," ते म्हणाले.

"काय बोलणार? खोटं काय आहे त्यात? माझं नाहीच उघडलं कुणी. मुलांचं नुकसान नको म्हणून मीच त्यांना तुमच्या नोट्स दिल्या. म्हटलं, पानं आडवी आहेत, पण सरांचं काम पक्कं असतं."

सरांनी मुलांच्या त्या मागण्या उघडल्या आणि फोन तिच्या हातात दिला.

मॅडम उभ्या उभ्या वाचू लागल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि सगळ्या वाचल्या, एकही न गाळता. शेवटी पुन्हा त्या पहिल्या मुलीच्या मागणीवर येऊन थांबल्या.

"हिने मला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "'मॅडम, परवानगी मागताना तिथे सरांचं नाव दिसतंय, सर मुद्दाम तर देत नाहीयेत ना?' असं."

"मग?"

"खूप रागावले मी तिला. पोर रडली फोनवर."

सर काहीतरी पुटपुटले. मॅडमनी ते ऐकलं नाही. सरांचा फोन टेबलावर ठेवून त्यांनी आपला घेतला, नंबर लावला आणि सरांकडे बघत बघतच म्हणाल्या, "हॅलो, बाळा? मी मॅडम बोलतेय. तुझं बरोबर होतं."