ओवशाचं सूप

गौरीपूजनाची सकाळ. पडवीत सुगंधा सांगत होती आणि नवी सून रिया पहिल्या ओवशाचं, म्हणजे गौरीला ओवाळून मग घरातल्या वडीलधाऱ्यांना मानाने द्यायचं सूप भरत होती.

"मोठी आई, हळदीचा पान वर काय खाली?"

"खाली, गो बाय. वर काकडी, केळी."

माजघराच्या दारातून रुक्मिणी बघत होती, जळत होती. सून तिची. मुलगा विनीतही तिचाच, पण नवऱ्याच्या नोकरीपायी ती मुंबईत राहिली आणि विनीत गावी विधवा जावेच्या, सुगंधाच्या, मायेत वाढला. आता सुनेच्याही तोंडी मोठी आई.

गावाचा मान मात्र रुक्मिणीलाच होता. सासू अंथरुणाला खिळली, सुगंधाने तिचं सगळं काढलं, लोक म्हणाले, "करतली नाय तर जातली खंय?" रुक्मिणी मे महिन्यात येऊन चार घास भरवी, लोक म्हणत, "सून आसाक होयी तर अशी." तरी रुक्मिणीचं पोट भरत नव्हतं.

रिया साडी बदलायला गेली, सुगंधा विहिरीवर. रुक्मिणी बघायला सुपावर वाकली आणि तिचा पदर लागून सूप उलटलं. तेवढ्यात शेजारची हौसाबाई बायकांना घेऊन आली.

"ह्या कोणी केला?"

"सुगंधान," रुक्मिणीच्या तोंडून निघालं. निघालं आणि बरं वाटलं.

"माका वाटलाच. दुसऱ्याचा सुख बघवत नाय."

रिया बाहेर आली होती. "कोणी बघल्यान?"

"बघूक कित्याक होया? तिचा कपाळ बघ."

सुगंधा परतली होती. तिने ऐकलं आणि खाली बसून केळी वेचू लागली.

रियाने सूप पुन्हा भरलं, गौरीपुढे ओवसलं आणि वळून सुगंधापुढे धरलं. "पहिलो मान तुमचो."

सुगंधाने हात मागे घेतले. "आधी सासूक दी, बाय."

बघा कसा मोठेपणा मिरवते, हे रुक्मिणीच्या जिभेवर आलंच होतं. पण हेच आपण केलं असतं तर गाव काय म्हणालं असतं, तेही तिला ठाऊक होतं.

"सूप माझ्या पदराक लागान उलाटला," ती म्हणाली. "मी खोटा बोललंय."

हौसाबाईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "केवढा मोठा मन गो तुझा. जावेचो दोष आपल्यार घेतलंस."

"नाय गो, खराच मीच..."

"आमका काय कळणा नाय?" बायका कौतुकाने हसल्या. कुणीतरी रुक्मिणीला हळदकुंकू लावलं. करंडा सुगंधाला वगळून पुढे सरकला.

रियाने सूप तसंच सुगंधापुढे धरून ठेवलं होतं. हात भरून आले होते, पण ती ते खाली ठेवत नव्हती.