शांतताबाईंची शेजारीण

मी पिठाची गिरणी बोलतेय. बोलतेय म्हणजे आपलं म्हणायचं. आयुष्यभर मी फक्त बोंबललेय. माझ्या गळ्यात गोडवा नाही, निदान ताल तरी आहे अशी मी स्वतःची समजूत घालते, आणि पट्टा ढिला झाला की तोही जातो. तेव्हा स्वतःची कहाणी वगैरे सांगायची माझी काही लायकी नाही. पण दळणाला थांबलेल्या माणसाला दुसऱ्यांच्या गोष्टी ऐकाव्याच लागतात, आणि तुम्ही आता रांगेत उभे राहिलाच आहात.

माझं खानदान विचारू नका. माझे दगड एका खाणीतले, लोखंडी अंग दुसऱ्याच कुणाचं आणि इंजिन एका विहिरीवरून उतरवलेलं जुनं. विहिरीच्या मालकानं ते का काढून टाकलं, हे पहिल्याच सकाळी कळलं. चालू होताना ते दम्याच्या रोग्यासारखं खोकायचं आणि बंद होताना असे आचके द्यायचं की नवखा माणूस पाणी आणायला धावायचा. गिरणीवाल्यानं त्याच्या धुराड्यावर एक पत्र्याचा डबा बसवला. त्यातून 'पुक् पुक् पुक्' असा आवाज लांब शेतापर्यंत जायचा, आणि लोकांना कळायचं, गिरणी चालू झाली, दळण घेऊन निघा. मला मात्र कित्येक वर्षं वाटत होतं, लोक माझं गाणं ऐकायला येतात. पीठ आपलं जाताजाता घेऊन जातात.

माझ्यापाशी कुजबुज चालत नाही. ज्या गोष्टी लोक कानात सांगतात, त्या इथे बेंबीच्या देठापासून ओरडून सांगाव्या लागतात. एकदा एक सून शेजारणीला सासूची गाऱ्हाणी ऐकवत होती. तेवढ्यात माझा पट्टा सुटला, मी गप्प झाले, आणि "म्हातारी माझ्या जिवावर उठलीये!" एवढंच वाक्य शांततेत लोंबकळत राहिलं. सासू दारातच उभी होती. त्या घरात पुढे बरेच दिवस चूल शांत आणि माणसं तापलेली होती. आणि दोष माझ्या पट्ट्याला!

तर अशा माझ्या भिंतीला लागून असलेलं घर शहरातल्या एका बाईंनी विकत घेतलं.

घर बघायला त्या आल्या तो माझा सुट्टीचा वार. अंगणात उभं राहून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अहाहा! काय शांतता आहे इथे!" घर विकणारा माझ्या बंद दाराकडे पाहत नुसता हसला. मीही काही बोलले नाही. मला कुठे बोलता येतं तेल ओतल्याशिवाय?

सामान लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवाल्यानं हँडल मारलं, आणि भिंतीपलीकडे कपबशी फुटल्याचा आवाज आला.

बाईंचं काम मोठं नाजूक होतं. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी त्या एका संस्थेला पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करून द्यायच्या. आवाज असा मऊ की ऐकणाऱ्यानं कान पुढे करावा. त्यांनी खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. पण मी गोधडीला जुमानणारी नव्हे. एक अख्खं पुस्तक संस्थेकडून परत आलं. राणी प्राण सोडते त्या प्रसंगात मागे कुणीतरी टाळ्या वाजवतंय, अशी तक्रार होती. त्या टाळ्या माझ्या होत्या. माझं नाव कुठल्या पुस्तकाशी जोडलं गेलं ते एवढंच.

शेवटी बाई गिरणीत आल्या. चारदा तोंड हलवून झालं तरी गिरणीवाल्याला काही ऐकू जाईना, तेव्हा त्यानं मला बंद केलं.

"दादा, मी इथे नुसती हवा खायला नाही आले. आवाजावर माझं पोट आहे," बाई म्हणाल्या.

"माझंही आवाजावरच आहे, ताई," गिरणीवाला म्हणाला. "बोला, काय करू?"

त्यानं खरंच करून पाहिलं. डबा काढून ठेवला. त्या दिवशी गिरणी बंद आहे असं समजून कुणी फिरकलंच नाही, आणि संध्याकाळी त्यानं डबा परत चढवला. मग बाईंनी सुचवलं, दळण फक्त संध्याकाळी घ्या. पण संध्याकाळी लोकांची जनावरं घरी यायची, धारा काढायच्या असायच्या. तेही बारगळलं. दोघंही वाईट नव्हती हो. वाईट होतं ते माझं थोबाड.

गावानं बाईंचं नाव 'शांतताबाई' ठेवलं. त्यात सगळ्यात पुढे दूधवाली मावशी. "आज गिरणी बंद करा म्हणतात," ती ओरडून सांगायची, "उद्या आमच्या कोंबड्यांना सांगतील, अंडी घाला पण गाजावाजा करू नका!" लोक पोट धरून हसायचे. मीही हसायचे, म्हणजे थोडी जास्त हलायचे.

शांतताबाईंबरोबर त्यांचे वडील राहत. जन्मभर छापखान्यात यंत्रावर उभे राहून त्यांचे कान गेले होते. कानात घालायचं यंत्र त्यांनी एकदा लावलं आणि त्यात सगळं जग खरखरतं म्हणून कपाटात टाकलं. एके सकाळी ते फिरत फिरत माझ्या दाराशी आले आणि जमीन हादरतेय हे पायांना जाणवून थांबले.

"आजोबा, दळण कुणाचं?" गिरणीवाला सवयीनं गरजला.

म्हातारा दचकला. "तुम्ही मला विचारलंत?"

"मग काय ह्या गिरणीला विचारलं?"

"मला ऐकू आलं!" आजोबा म्हणाले, आणि बाकावर बसले ते दुपारपर्यंत उठलेच नाहीत.

गोष्ट अगदी साधी होती. माझ्यापाशी सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळे आजोबांना सगळ्यांचं सगळं ऐकू यायचं. त्यांच्याशी मुद्दाम कुणी चढ्या आवाजात बोलत नव्हतं, की एकच वाक्य तीनदा सांगून वैतागत नव्हतं. इथे येणारा प्रत्येक जण थोडा बहिराच असतो. मग ते रोज येऊ लागले. छापखान्यातल्या गमती सांगू लागले. कुणाच्या लग्नाच्या पत्रिकेत नवऱ्याच्या जागी सासऱ्याचं नाव छापलं गेलं, ते ऐकून दूधवाली मावशी धान्याच्या पोत्यावर आडवी झाली. लेकीला मात्र आजोबा सांगायचे, जरा फिरून आलो. खांद्यावरचं पीठ ते फाटकापाशी झटकायचे. भुवयांवरचं राहायचं, पण त्या मुळात पांढऱ्याच होत्या.

इकडे शांतताबाईंचं दुसरंही पुस्तक परत आलं. काम हातचं जाणार, हे त्यांना दिसू लागलं. त्यांनी वरती तक्रार केली.

एक साहेब आवाज मोजायचं यंत्र घेऊन आले. मला वाटलं, आता कुणीतरी माझी कदर करणार. मी जीव तोडून गायले. यंत्रातला काटा शेवटाला टेकून तिथेच राहिला, आणि साहेबांनी कानांत बोटं घालून मला बंद करायला लावलं. हे इंजिन आहे तोवर गिरणी चालवायची नाही, असा हुकूम झाला. आयुष्यात एकदाच मला परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले, आणि त्यापायी मी घरी बसले.

मग गावात खरी शांतता पसरली. ती कुणाला सोसेना. लोकांना पोती घेऊन लांबच्या गावी जावं लागे. गिरणीवाला माझ्या पायरीवर बसून काडीनं जमिनीवर रेघा ओढत राही. त्याची बायको दुसऱ्याच्या शेतावर कामाला जाऊ लागली. शांतताबाईंना कुणी वाईटसाईट बोललं नाही; बोललंच नाही. दूधवाल्या मावशीनं त्यांचं दूध बंद केलं; दारावरून जाताना ती किटली दुसऱ्या हातात घ्यायची. नळ दुरुस्त करणारा 'उद्या येतो' म्हणायचा आणि त्याचा उद्या काही उजाडायचा नाही. बाईंनी त्या शांततेत एक पुस्तक वाचून पुरं केलं. ते चांगलं झालं, असं म्हणतात. पण भिंतीतून मला ऐकू यायचं, वाचता वाचता त्या मध्येच थांबायच्या आणि बराच वेळ पुढचं वाक्य येत नसे.

आजोबा सवयीनं येत. येणारे-जाणारे आता साध्या आवाजात बोलत, आणि आजोबा पुन्हा एकटे पडले. "बरं वाटत नाही का आजोबा?" असं कुणी विचारलं तर ते हसून म्हणत, "हो हो, छान!" मग त्यांनी येणंच सोडलं. घरात पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. ती भिंत माझीच होती. कधीकधी ते तिच्यावर तळवा ठेवत. मी आतून कितीही जोर लावला तरी काय उपयोग? हँडल मारायला कुणीतरी लागतं.

एका दुपारी गिरणीवाल्यानं त्यांना अंगणात पाहिलं आणि हाताला धरून आत आणलं. नेहमीच्या बाकावर बसवलं, आणि माझ्या त्या मेल्या शांततेत, गिरणी पूर्ण वेगात चालू असल्यासारखा तो ओरडून बोलू लागला.

"आजोबा! त्या दिवशी काय झालं! नळवाल्याच्या म्हशीनं! त्याचंच धोतर खाल्लं!"

आजोबा खो खो हसले. त्या हसण्याचा आवाज भिंतीपलीकडे गेला, आणि शांतताबाई धावत आल्या. त्यांना वाटलं, वडिलांना काहीतरी झालं. दारात येऊन त्या पाहतात तो वडील डोळे पुसत हसताहेत.

"काय झालं, बाबा?" त्या त्यांच्या त्या मऊ आवाजात म्हणाल्या.

"हो हो, छान," आजोबा म्हणाले.

बाईंचा चेहरा पडला. गिरणीवाला मान खाली घालून उठला. म्हणाला, "त्यांना ऐकू नाही गेलं, ताई. ते इथे रोज यायचे. आम्ही इथे ओरडतो ना, म्हणून."

बाई वडिलांच्या पुढ्यात जमिनीवर बसल्या. माझ्या पिठाच्या सड्यात, चांगल्या कपड्यांनिशी. आणि पहिल्यांदाच त्यांनी घसा ताणला. "बाबा! मला का नाही सांगितलंत?"

म्हाताऱ्यानं लेकीकडे पाहिलं. "अगं, तू ओरडून बोललीस!" ते म्हणाले. "घरात तू इतकं हळू बोलतेस, मला वाटायचं, तुझं माझ्याशी बोलायचं काही उरलंच नाहीये."

मी बंदच होते. पण चालू असते तरी त्या क्षणी बंद पडले असते. तेवढी अक्कल मला आहे, असं मला वाटतं.

शांतताबाईंनी तक्रार मागे घेतली नाही. त्यांचं कामही पोटाचंच होतं. पण ज्या चिकाटीनं त्यांनी मला बंद पाडलं होतं, त्याच चिकाटीनं त्या वीज कंपनीच्या मागे लागल्या. गिरणीसाठी जोरकस वीज हवी म्हणून गिरणीवाल्यानं पूर्वी हेलपाटे घालून नाद सोडला होता. बाई तिथल्या साहेबांशी म्हणे हळू आवाजात बोलायच्या, आणि साहेब कान पुढे करून ऐकायचे. खांब आले, तारा आल्या, मला विजेची मोटर बसली. माझं इंजिन आणि तो डबा एका वीटभट्टीवाल्यानं नेला. जाताना इंजिनानं गाडीतच दोन आचके दिले. मला जरा भरून आलं.

आता मी फक्त गुणगुणते. एवढा मोठा माझा देह आणि आवाज डासाचा. नवी मुलं तर मला फ्रिज समजतात.

पण मोटर बसल्यावर एक नवीच पंचाईत झाली. ओरडायची गरज उरली नाही. लोक पुन्हा येऊ लागले, रांगेत हळू हळू बोलू लागले, आणि बाकावर बसलेले आजोबा पुन्हा सगळ्याला 'हो हो' म्हणू लागले. हे सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात आलं असेल? दूधवाल्या मावशीच्या. शांतताबाई आपल्या दळणाची पिशवी घेऊन तिच्या अगदी शेजारी उभ्या होत्या. मावशीनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. कंबरेवर हात ठेवून ती गरजली, "आजोबा! तुमच्या लेकीला सांगा! उद्यापासून दूध घेऊन जा म्हणावं! आमचा रुसवा संपला म्हणावं!"

"सांगतो!" आजोबा ओरडले.

"ऐकलंय मी!" शांतताबाई त्याहून मोठ्यानं ओरडल्या.

तेव्हापासून इथे सगळे ओरडूनच बोलतात. मी गप्प झाले आणि माझा आवाज गाव काढायला लागलं. शांतताबाई दळणाला आल्या की त्यांचा घसा बसतो, मग दोन दिवस पुस्तक वाचता येत नाही. तरी त्या येतात. सगळं गोड झालं असं समजू नका. नळवाला अजून त्यांच्याकडे उद्याच येतो. बाईंच्या पाठीमागे नाव अजून तेच आहे, फक्त आता ते इतक्या मोठ्यानं घेतात की त्यांनाही ऐकू जातं.

परवा शहरातून आलेला एक नवा गृहस्थ, मागच्या गल्लीतलं घर घेतलेला, दळण घेऊन आला. थोडा वेळ कपाळाला आठ्या घालून उभा राहिला, आणि आपल्यासारख्याच दिसणाऱ्या शांतताबाईंजवळ जाऊन पुटपुटला, "हे लोक एवढे ओरडतात कशाला? गिरणीचा तर आवाजही नाही. कुणीतरी तक्रार करायला हवी."

शांतताबाईंनी पिठाची पिशवी खाली ठेवली, आणि छत दणाणेल अशा आवाजात म्हणाल्या, "जरा मोठ्यानं बोला! बाबांना ऐकू आलं नाही!"

घ्या, तुमचंही दळण झालं. गरम आहे, घरी गेल्यावर पसरून ठेवा. आणि तुमच्या घरात कुणी प्रत्येक गोष्टीला 'हो हो, छान' म्हणत असेल, तर त्याच्याशी थोडं मोठ्यानं बोला. सुरात नसलं तरी चालतं. माझं तरी कुठे होतं?