कर्जतचा बँकर

निकाह करीन, पण कर्जत सोडणार नाय, असं नमिराने आधीच सांगून टाकलं होतं. ती शिकवते ती शाळा इथे, वर्गातली पोरं इथे. म्हणून मुंब्र्याचा तौकीर आज गाव बघायला आला होता. मुलगी पसंत होती; प्रश्न गावाचा होता. हो की नाही, ते परत जाताना सांगायचं ठरलं होतं.

सोबतीला नमिराची आत्या, रुबिनाफुफी होती. तिघांनी उल्हास नदीचा काठ बघितला, देवळाचा कळस बघितला, मशिदीचा मिनार बघितला. बाजारपेठेत कळंबच्या बाया वालाच्या शेंगांचे ढीग लावून बसल्या होत्या. सगळं छान होतं, पण तौकीरचं मन काही बोलेना.

"आता आमचा बँकर दाखवते," नमिरा म्हणाली. "त्याच्याशिवाय कर्जत नाय."

तौकीर चालता चालता थांबला. "कोण बँकर? भेटता तुम्ही त्याला?"

"रोज. शाळेत जाताना हात करते."

"आणि... लग्नानंतर?"

"नाय तर काय! आन् एकटा थोडाच हाय, दोघं-तिघं असतात."

फुफीने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. "अगं, सांग गं त्याला! बिचाऱ्याचा चेहरा बघ!"

 नमिरा त्याला थेट स्टेशनच्या पुलावर घेऊन गेली.

खाली पुण्याची गाडी उभी होती, या टोकाचं त्या टोकाला दिसू नये एवढी लांब. तिच्या मागून जोडीने इंजिनं आली. सावकाश, झोपलेल्या लेकराजवळ आई यावी तशी. खट्ट! शेवटच्या डब्याला टेकली.

"हा बँकर," नमिरा म्हणाली. "पुढं घाट हाय. पुढच्या इंजिनाला एकट्याला नाय चढवत. हा मागून ढकलतो."

पुढून शिट्टी आली. मागून तिला उत्तर गेलं. पायाखालचा पूल थरथरला आणि ते अवघं लोखंड हललं, डोंगराच्या दिशेने, जणू डोंगरानेच हाक मारली होती. तौकीरने कठडा घट्ट धरला. किती वेळा तो या गाडीने पुण्याला गेला होता! मोबाईलमध्ये मान घालून, नाहीतर झोपेत. आपल्याला पाठीमागून कोणी वर चढवतंय, हे त्याला कधी ठाऊकच नव्हतं.

"वर गेल्यावर?" त्याने विचारलं.

"लोणावळ्याला सुटतो. परत खाली येतो, दुसरी गाडी चढवायला. पुण्यात त्याला कोण वळखत पन नाय."

शेवटचं इंजिन वळणाआड गेलं. त्याची घरघर मात्र पुलाच्या पत्र्यात कितीतरी वेळ राहिली.

"बाबा, तुजी परतीची गाडी लागली," फुफीने कोपराने ढोसलं. "काय तं बोलून जा."

"जाऊ दे ती," तौकीर डोंगराकडेच बघत म्हणाला. "फुफी, भाड्याचं घर बघाल का एखादं? इथून जवळ. शिट्टी ऐकू येईल असं."

नमिराने घाईघाईने दुसरीकडे तोंड फिरवलं.