एस्तेरची हजेरी

येडशीजवळच्या त्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत पाळक प्रेमानंद नवे होते, आणि नव्या पाळकांना मोठे विषय फार आवडतात. जग निर्माण करण्याआधी देव काय करत होता, हा प्रश्न रविवारी त्यांनीच काढला आणि त्यांनीच सोडवला. काळसुद्धा देवानंच घडवला, म्हणून काळाच्या आधी 'आधी' असं काही नव्हतंच. देवासमोर काल आणि उद्या एकदमच उभे असतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. बनाबाईनं मात्र हात वर करून ते पुन्हा सांगायला लावलं. पाळक खूश झाले.

बनाबाईची पहिली लेक एस्तेर, बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशीच गेली. बाप्तिस्मा न झालेलं लेकरू म्हणून तिला कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पुरलं. दर ईस्टरच्या पहाटे मंडळीचे वडीलधारे कारभारी आबाराव कबरींजवळ उभं राहून गेलेल्यांची नावं तोंडपाठ पुकारत, आणि घरचं माणूस म्हणे, "हजर." एस्तेरचं नाव कधीच आलं नाही. आईचं काळीज करपावं अशी ती पहाट, पण बनाबाई इतकी वर्षं खाली मान घालून ऐकत आली.

या ईस्टरला ती चुन्याची बादली घेऊन भिंतीबाहेर गेली. लेकीच्या उशाचे दगड पांढरे केले आणि तिथंच उभी राहिली. आत आबारावांची नावं संपली.

"एक राहिलं," ती भिंतीपलीकडून म्हणाली.

आबारावांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की ते लेकरू बाप्तिस्म्याआधी गेलं, आता फार उशीर झाला. वाडवडिलांचा नियम मोडता येत नाही.

"देवाला आधी-नंतर न्हाय, असं पाळकसायबांनी सांगितलं," बनाबाई म्हणाली. "मग माझ्या लेकरालाच तेवढा उशीर कसा झाला?"

सगळे पाळकांकडं बघू लागले, आणि पाळक स्वतःच्या चपलांकडं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. त्यात त्यांना मंडळीत ठेवायचं की नाही, हे आबारावांच्या हातात.

बनाबाईनं वाट पाहिली नाही. वाट बघून तिचं झालं होतं. तिनं छाती भरून हाक मारली, "एस्तेर." आणि स्वतःच उत्तर दिलं, "हजर."

हे चालायचं नाही, असं आबारावांनी बजावलं. तिनं पुन्हा हाक मारली, आधीपेक्षा मोठ्यानं.

या वेळी तिला उत्तर द्यावं लागलं नाही. भिंतीच्या आतून पाळकांचा आवाज आला, "हजर."